न ऐकलेलं सुतक

कौसा गेली त्या दिवशी माझा धर्मराज समुद्रात पोहत होता.

कौसा म्हणजे माझी धाकटी जाऊ. गल्लीच्या अलीकडं माझं दार, पलीकडं तिचं. दोघींचेही नवरे गेलेले. तिला मूलबाळ न्हाई, मला एकच, आणि तोही अर्धा तिचाच. जेवायचा माझ्याकडं, झोपायचा तिच्या कुशीत. विहिरीच्या पायरीवर उभं राहून, पाठीला डबा बांधून, त्याला पोहायला शिकवलं तेही कौसानंच. मला पाण्याचं भ्या वाटायचं, तिला कशाचंच वाटत नव्हतं.

आता धर्मराजचं तीर्थपुरीत बी-बियाण्याचं दुकान आहे. औंदा त्यानं कपाशीचं बियाणं असं खपवलं की कंपनीनं त्याला बायकापोरीसकट समुद्रातल्या बेटावर न्यायचं ठरवलं. थायलंडच्या अंगाला कुठंतरी. माझी सून वंदना लग्न झाल्यापासून तुळजापूरच्या पुढं गेली नव्हती. नात अर्पिता तर फोन घेऊन माझ्या मागं मागंच फिरायची.

"आजी, यंदा तिथं काय काय नवीन झालंय, ऐक तर. डोंगराच्या टोकाला काचेची गच्ची केलीय. पायाखाली सगळा समुद्र!"

"पडायचीच हौस असंल तर आपली विहीर काय वाईट हाय?"

"हत्तीवर बसणं बंद केलंय. आता फक्त हत्तीला अंघोळ घालायची."

"म्हंजी इमानात बसून जायचं आन् गडीकाम करायचं."

"आणि एक किनारा माणसांनी घाण केला म्हणून कितीतरी दिवस बंद ठेवला होता. आता उघडलाय, पण गुडघ्याच्या वर पाण्यात शिरायचं न्हाई."

"बराबर हाय. समुद्राला बी इटाळ पाळायला लावला."

कौसा माझ्या ओट्यावर वाती वळत बसली होती. हसता हसता तिला ठसका लागला. म्हणाली, "बाई, तुमच्या जिभेला हाड न्हाई."

जाताना धर्मराज आधी तिच्या पाया पडला, मंग माझ्या. "काकू, तुला फोनवर पोहून दाखवतो," म्हणाला. मला काय दाखवणार ते बोलला न्हाई. गाडी गेल्यावर मी दार जरा जोरातच लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कौसाचं दार उघडलं न्हाई. मीच फटीतून हात घालून कडी काढली आणि आत गेले. कुशीवर निजलेली, गालाखाली हात. बोलावलं, हलवलं. अंग गार पडलं होतं.

भावकी जमली. शिवाजी भाऊजी आमच्यातले थोरले. ते म्हणाले, "वयनी, धर्मराजला फोन लावा. आग त्यानंच द्यायची, कौसाबाईनं चार माणसांत सांगून ठेवलंय. बर्फाची पेटी आणू, उद्यापर्यंत थांबू. पोरगं येईल."

मी फोन घेऊन घरात आले. धर्मराज स्वतःचा फोन माझ्यापाशी ठेवून गेल्ता, गिऱ्हाइकाची कटकट नको म्हणून. बोलायचं ते वंदनाच्या फोनवर, आणि तो नंबर भावकीत कुणाकडं नव्हता. फोनवर वंदनाचा फोटो आला. नुसतं बोट टेकवायचं होतं. मी टेकवलं न्हाई. थोडा वेळ थांबले आणि बाहेर आले.

"लावला. इमान न्हाई म्हणतो. आणखी चार दिवस तरी न्हाई. थांबू नका."

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. मंग सोमेश्वरला, चुलत पुतण्याला, मडकं धरायला सांगितलं.

सुतक ऐकल्यापासून लागतं. ज्याच्या कानावर गेलंच न्हाई त्याला सुतक न्हाई, आणि खाल्ल्या-प्याल्याचं पापही न्हाई. मी मनाला हेच सांगत होते. वंदनाच्या जन्मात एकदा आलेला योग, पोरीची हौस, मरणारी तर मेलीच, आता पोरीचा समुद्र कशाला नासवायचा? सगळं खरं होतं. पण फोटोवर बोट न्यायच्या वेळी यातलं काही माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की माझ्या नवऱ्याच्या वेळी धर्मराज जेवढा रडला न्हाई तेवढा हिच्यासाठी रडंल, आणि ते सगळ्या गावासमोर मला बघावं लागंल.

दुसऱ्या दिवशी कौसाच्या अंगणात बायका बसल्या होत्या आणि माझा फोन वाजला. मी उठून गोठ्यामागं गेले, पदर नीट केला, तोंडावर हसू आणलं.

"आई, बघ बघ!" धर्मराज काचेवर उभा. खाली निळं पाणी. वंदना डोळे गच्च मिटून कठडा धरून उभी, डोक्यावर टोपी. अर्पिता ओरडत होती, "आजी, मम्मी काल बिलकुल घाबरली न्हाई, आज घाबरली!"

"पाय घट्ट रोवा म्हणावं," मी म्हणाले.

"काल समुद्रात पोहलो," धर्मराज म्हणाला. "एवढाल्या लाटा! काठावरनं काकूच ओरडून राह्यली असं वाटलं, हात मार, हात मार. दे ना तिला फोन."

"झोपलीय."

"या वेळंला?"

"म्हातारं माणूस, कवाबी झोपतंय. तू तुझं बघ."

"मंग उद्या दे. जल्दी उठव तिला."

भिंतीपलीकडून एका बाईनं हुंदका दिला. "काय झालं गं?" त्यानं विचारलं. "म्हैस," मी म्हणाले आणि फोन बंद केला. कौसाच्या मरणाला मी म्हैस म्हणाले. असं तोंड माझं.

त्यानंतर रोज फोन यायचा. काकू देवळात गेलीय. काकूचा घसा बसलाय. काकू शिवाजी भाऊजींकडं बसायला गेलीय. तो दाखवायचा, हे नवीन झालंय, ते नवीन झालंय. रात्री पाण्यावर तरंगणारी दुकानं, खोल पाण्यात डोक्यावर काचेचं भांडं घालून चालणारी माणसं. मी बघायचे आणि म्हणायचे, "बरंय." अर्ध्या ताटावरून उठायचे, पण ते कुणाला दिसत नव्हतं. सुतकात कोण कुणाचं ताट बघतं?

घरी आल्यावर, पाणी देऊन, बसवून सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण गाडी थांबली ती कौसाच्या दारात. "काकू, ए काकू!" ओरडत तो चपलांसकट आत गेला, आणि मी गल्ली ओलांडून पोचेस्तोवर आवाज बंद झाला होता. खोलीच्या कोपऱ्यात पिठावर दिवा तेवत होता. भाऊजी भिंतीला टेकून बसलेले.

"आलास?" भाऊजी म्हणाले. "समुद्र बघून झाला? आई म्हणली, इमान मिळालं न्हाई तुला."

धर्मराजनं वळून माझ्याकडं बघितलं. मी उंबऱ्यात उभी. त्याला सगळं कळलं, एका दमात कळलं.

"न्हाई मिळालं, तात्या," तो भाऊजींना म्हणाला. "लई खटपट केली."

तो घरी आला न्हाई. कौसाच्या ओसरीवर घोंगडी टाकून राहिला. दुपारी वंदना त्याचं ताट घेऊन गेली, मागं मी गेले. त्यानं मला एवढंच विचारलं, "मी काचेवर हसत होतो तवा तिला नेलं होतं का?"

"आदल्या दिवशीच."

"म्हैस न्हवती ती."

"न्हाई."

त्यानं पुढं विचारलं न्हाई. विचारलं असतं तर वंदनाच्या हौसेचं, अर्पिताचं सांगणार होते मी. सगळं तोंडात तयार होतं. त्यानं ताट पुढं ओढलं आणि खाली मान घालून जेवला.

दहाव्याला आम्ही सगळे शहागडला, गोदावरीवर गेलो. आग दिली म्हणून सोमेश्वरचे केस आधी उतरले. मंग धर्मराज पुढं होऊन न्हाव्यासमोर बसला.

"आता बसला!" मागून भावकीतला भारत बोलला. "खांद्याला न्हाई, आगीला न्हाई. डोकं तेवढं आणलं समुद्रावरून."

दोघं-तिघं हसले. भाऊजी हसले न्हाईत, पण कुणाला गप्पही केलं न्हाई. धर्मराजची मान खालीच. काढलेल्या केसांमधून त्याची टाळू पांढरी दिसत होती, लहानपणी जावळ काढल्यावर दिसली होती तशी. तेव्हा तो कौसाच्या मांडीवर होता.

"भारत," मी म्हणाले. "इमान मिळत होतं."

सगळे वळले. न्हाव्याचा हात थांबला.

"त्याला म्या कळवलंच न्हाई. फोन लावला न्हाई. तुमच्याशी खोटं बोलले. त्याला काही म्हणू नका."

"का पण, वयनी?" भाऊजींनी विचारलं.

"माझ्यापरीस तिच्यासाठी जास्त रडला असता म्हणून."

भारत पायाखालची वाळू उकरायला लागला. भाऊजी न्हाव्याला म्हणाले, "चालू दे रे."

अर्धं डोकं उतरलं होतं. धर्मराजनं मान वर केली, पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. डोळे लाल झालेले.

"सावलीत बस, आई," तो म्हणाला.

सावलीत भावकीच्या बायका बसल्या होत्या. कुणी सरकलं न्हाई. मी उन्हातल्या पायरीवर बसले.