हेस्टरबाईंच्या खुंटीवरची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे, वीतभर लांब आणि चांगली वजनदार. लिटल ऑर्कम या खेड्यातल्या लोहाराने दोनशे वर्षांपूर्वी मला गावच्या चर्चसाठी घडवले. तिथल्या भिंतीवर तिरळ्या सैतानाचे जुने चित्र आहे. ते पाहायला लांबून माणसे येतात आणि मला मागायला समोरच्या हेस्टरबाईंचे दार ठोठावतात. चाळीस वर्षे मी त्यांच्या दारामागच्या खुंटीवर राहते.

"चिखलाचे बूट बाहेर काढा हं, नाहीतर सैतान बघून घेईल!" असे बजावून त्या मला देतात. परत आणणाऱ्याला चहा मिळतो.

गेल्या सप्टेंबरात सुगीच्या प्रार्थनेला दोन दिवस उरले आणि मी खुंटीवर नव्हते. बाईंनी पिठाचा डबा उपसला, कोंबड्यांचे खुराडेसुद्धा पालथे घातले.

"वय झालं, हेस्टर. विसरणारच तू," चर्चचा कारभारी रॉजर ग्रीनस्लेड म्हणाला. "सोमवारी नवं कुलूप बसवतो. किल्ली माझ्याकडेच राहील."

एरवी त्याला सळो की पळो करून सोडणाऱ्या बाई खाली बसल्या. "खरंच का रे रॉजर, माझं डोकं काम देईनासं झालंय?"

हे सगळे मी ऐकत होते, रॉजरच्याच कोटातून! बुधवारी बाई परसात असताना त्याने न विचारता मला नेले, चर्चच्या घड्याळाला चावी दिली, दार लावले आणि मला खिशात टाकले. खिसा फाटका होता. मी जाडजूड कोटाच्या अस्तरात घसरले आणि तो मला साफ विसरला. मला तोंड असते तर! मला फार वाईट वाटत होते.

रविवारी सारा गाव प्रार्थनेत अर्पण करायचे भोपळे आणि मुरंब्याच्या बरण्या घेऊन चर्चच्या बंद दारापुढे पावसात भिजत उभा राहिला. रॉजर दगडी बाकावर टेकला आणि मी दगडावर आपटले. टण्ण!

बाईंनी मान वर केली. "हा आवाज मी चाळीस वर्षं ऐकतेय. रॉजर, कोट काढ."

अस्तर उसवून त्यांनी मला बाहेर काढले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गाव हसला. बाई मात्र मला छातीशी धरून रडल्या. "माझं डोकं ठीक आहे," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"चुकलो, हेस्टर," रॉजर टोपी काढून म्हणाला.

"परत आणणाऱ्याला चहा मिळतो. पण तुला आज बिनसाखरेचा."

आता मी पुन्हा खुंटीवर आहे, नव्या कुलपाचे नावही कुणी काढत नाही. मित्रांनो, मला तेल द्यायला विसरलात तरी चालेल. पण म्हाताऱ्या माणसाला विसरभोळे म्हणण्याआधी आपला खिसा एकदा चाचपून बघा.