न मारलेला चेंडू

"काय मारलं माझ्या पोरानं?" हा आमच्या आईचा ठरलेला प्रश्न, माझा भाऊ लेऊरी शेंबडा होता तेव्हापासूनचा. ती स्वतः त्याचा बेसबॉलचा खेळ बघत नाही, रेडिओसुद्धा लावू देत नाही. लेऊरी बॅट घेऊन उभा राहिला की तिचा जीव टांगणीला लागतो, म्हणून ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसते. खेळ संपला की मी जाऊन सांगायचं, आज भिंतीपर्यंत मारला, आज भिंतीपलीकडे. मग ती निवांतपणे तांदूळ धुवायला घेते.

आणि त्याला मारायला शिकवलं कोणी? मी. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. गल्लीतला आमचा खेळ म्हणजे झाडूचा दांडा आणि पाण्याच्या मोठ्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण. ते हवेत कसंही वळतं, आणि माझ्या हातून सुटलेलं तर भल्याभल्यांना सापडत नसे. लेऊरी तेवढा ते उडवायचा. डोक्यावरून जाऊ दे, नाहीतर पायाशी घसरू दे, तो मारणारच. सोडून देणं हा प्रकार आमच्याकडे कुणाला माहीतच नाही. आमच्या सान पेद्रो गावच्या पोरांना अमेरिकेतले क्लब उचलतात ते मनगटातली ताकद बघून. नुसतं उभं राहिल्याबद्दल कोणी कुणाला विमानात बसवत नाही. लेऊरीची करारावर सही झाली त्या दिवशी माझं केसांचं पार्लर बंद ठेवून मी गल्लीभर नाचले होते.

तिकडे दोन मोसम तो खालच्या संघांतून खेळला आणि ऑक्टोबरात घरी आला तो तोंड पाडून. क्लबनं स्पष्ट बजावलं होतं. तिकडचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, चांगला चेंडू देतच नाहीत, मारायच्या चौकटीबाहेरचा दाखवतात आणि हा त्यावर तुटून पडतो. सोडायला शिकला नाही तर वसंतात परत येऊ नकोस. चार बाहेरचे चेंडू सोडले की पहिला बेस फुकट मिळतो, साधा नियम आहे. पण माझ्या भावाला त्या फुकटच्या बेसची लाज वाटायची. मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू.

"ताई, मला झाकणं टाक," तो म्हणाला. "पण मी मारणार नाही. मला नुसतं बघायचंय."

"बघायचंय तर सिनेमाला जा."

"टाक ना गं. तुझ्या हातातलं कळायला लागलं तर कुणाच्याही हातातलं कळेल."

असं म्हटल्यावर माणूस काय करणार? रोज सकाळी पार्लर उघडण्याआधी मी अंगणात झाकणं टाकायचे आणि हा दांडा खांद्यावर ठेवून उभा. आत येणारं तेवढंच मारायचं, बाकी सोडायचं. सुरुवातीला त्याचे हात शिवशिवायचे, बाहेरच्यावर दांडा फिरायचा आणि मग तो स्वतःलाच शिव्या घालायचा. पुढेपुढे दांडा गप्प राहायला लागला. समोरचा टायरवाला चेपेकाका रोज खुर्ची टाकून बघायला बसे.

"मिल्केया, तुझा भाऊ उभ्याउभ्या झोपतो काय गं? अमेरिकेत गादी देत नाहीत वाटतं!"

तुमच्या टायरांतली हवा बघा, असं मी सुनावलं खरं, पण बोलणं झोंबलं होतं. अख्खी गल्ली हसत होती आणि लेऊरी मान खाली घालून झाकणं गोळा करत होता.

हिवाळी मोसमात आमच्या गावच्या संघानं त्याला घेतलं, पण बाकावर बसवून ठेवलं. मग डिसेंबरातल्या एका रविवारी, राजधानीच्या संघाविरुद्ध, नेहमीच्या खेळाडूचा पाय मुरगळला आणि लेऊरीचं नाव लागलं. बातमी आली तेव्हा क्रुसितामावशींच्या अर्ध्या डोक्याला रोलर लावून झाले होते. मी म्हटलं, "मावशी, अशाच चला, नाहीतर अशाच घरी जा." त्या अशाच आल्या.

मैदानावर जाऊन बघते तर पुढच्या रांगेत पांढरी टोपी घालून त्याच्या अमेरिकन क्लबचा माणूस बसलेला. दुसऱ्या दिवशी त्याचं परतीचं विमान होतं. तो तिकडे जाऊन जे सांगेल, तोच लेऊरीचा वसंत. 

लेऊरीनं चेंडू बरे मारले, पण ते झेलले गेले. शेवटच्या डावात बरोबरी होती, तिन्ही बेसवर आमची माणसं होती, दोघं बाद झाले होते आणि लेऊरी उभा राहिला. त्यानं एक सणसणीत मारला तर आम्ही जिंकणार. चार बाहेरचे सोडले तरी जिंकणार, कारण सगळे एकेक बेस पुढे सरकून तिसऱ्यावरचा घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, येणार आणि धाव होणार. पण ह्या दुसऱ्या वाटेचा विचार त्या मैदानात कुणाच्याही डोक्यात नव्हता. तीन चेंडू बाहेर गेले, दोन आत आले. आता एकच उरला. तिसरा आतला सोडला तर बाद, बाहेरच्याला बॅट लावायला गेला आणि चुकला तरी बाद.

ढोल वाजत होते. सगळं मैदान "मार, मार" म्हणून ओरडत होतं आणि माझ्या मागे चेपेकाका गळा फाडत होता. मी मात्र पिचरचं मनगट बघत होते. बाहेर जाणारं झाकण टाकताना माझं मनगट वळतं, तसंच ते चेंडू सुटायच्या आधीच वळलेलं दिसलं.

"सोड! सोड रे!" मी किंचाळले.

"हिला कोणीतरी बाहेर काढा," चेपेकाका म्हणाला. "राजधानीवाल्यांना फितूर झालीय ही!"

मी मागे वळलेसुद्धा नाही. चेंडू सुटला, अगदी मधोमध येत होता. लेऊरीचा पुढचा पाय उचलला गेला, खांदा हलला. मग चेंडू हळूच बाहेर सरकला. बॅट जागची हलली नाही. पंचाचा हात वर गेला नाही, म्हणजे चौथा बाहेरचा.

असल्या गोष्टीचा आनंद कसा करायचा हे आमच्या लोकांना ठाऊकच नव्हतं. मग तिसऱ्यावरचा गडी नाचत घरी आला, आणि लेऊरीनं, भिंतीपलीकडे मारल्यावर आमची पोरं भिरकावतात तशी, बॅट उंच भिरकावली आणि छाती काढून सावकाश पहिल्या बेसकडे चालत निघाला. आधी मैदान हसलं, मग जो काही जल्लोष झाला! क्रुसितामावशींचे रोलर उडाले. पांढरी टोपी उभी राहून टाळ्या वाजवत होती. चेपेकाका शेजाऱ्याला सांगत होता की पोराची नजर आपण पहिल्या दिवशीच ओळखली होती. त्या दिवशी मी त्यालाही माफ केलं.

माझा आवाज ऐकूच आला नाही, असं लेऊरी म्हणतो. न का येईना. त्यानं आपल्या डोळ्यांनी बघून सोडला, त्याचाच मला जास्त अभिमान.

मी धावतच घरी आले. आई ओट्यापाशी, तांदळाचं ताट पुढ्यात.

"काय मारलं माझ्या पोरानं?"

नियम कसा समजावायचा ते मी वाटभर जुळवत आले होते. त्यातलं काही तोंडून निघालं नाही, रडूच फुटलं.

"काही नाही मारलं, आई. अख्खं गाव मार म्हणत होतं, आणि तुझ्या पोरानं काहीच मारलं नाही."

आईनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तांदूळ धुवायला घेतले.