अर्ध्या पंच्याची थंड घडी

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे. खरं सांगायचं तर जुना अर्धा पंचा. माझा दुसरा अर्धा भाग श्रद्धाच्या पायांवरचे केस घेऊन निघून गेला. तो आता कुठे आहे, ठाऊक नाही. वारा सुटला की मी कधीकधी त्याला हाक मारतो.

माझा जन्म एका खडखडणाऱ्या मागावर झाला. लांज्याच्या दुकानात मी बरेच दिवस घडी होऊन पडलो होतो. तिथून मला रावजींनी उचललं. रावजी मच्छीमारी लाँचवर खलाशी होते. त्यांच्या खांद्यावर बसून मी समुद्र पाहिला. उन्हाने पाठ भाजली की ते मला गोड्या पाण्यात भिजवत, पिळत आणि पाठीवर अंथरून पालथे पडत. मी हळूहळू सुकत असे आणि मला वाटे, आपण पंचा नसून शीड आहोत. सगळी लाँच आपणच ओढतोय. इंजिनाने कधी हरकत घेतली नाही.

रावजी मांडवीच्या घरी कायमचे परतले आणि माझे दिवस फिरले. आधी मी अंग पुसलं, मग पाय, मग सायकल. धुऊन धुऊन मी इतका मऊ झालो होतो, की गोदाबाई, म्हणजे रावजींची बायको, मला खुंटीवर टांगून विसरूनच गेल्या. खुंटीवर स्वप्नं चांगली पडतात, एवढं मात्र खरं.

त्यांच्याकडे कॉलेजसाठी गोदाबाईंच्या भावाची मुलगी श्रद्धा राहते. ती कबड्डी खेळते. गेल्या सामन्याचा तिचा फोटो घरच्या ग्रुपवर आला, तेव्हा तिचा चुलतभाऊ विनीत याने तिच्या पायांवरचे केस पाहून खाली लिहिलं, ‘समोरच्यांना गवत धरून चढायची सोय केलेली दिसते.’ श्रद्धाने हसणारा चेहरा पाठवला आणि जेवली नाही.

जिल्ह्याच्या संघाची निवड होती, त्याच्या आदल्या दुपारी तिची मैत्रीण ईशा आली. पायांवरचे केस ओढून काढायला साखर आणि लिंबू कढईत शिजू लागलं. घरभर मुरांब्याचा वास सुटला. रावजींनी चमचाभर चाखलं, ‘बरं झालंय’ म्हणाले आणि वाटीभर काढून घावनाबरोबर खाल्लं. कोणी त्यांना काही सांगितलं नाही.

मग पट्ट्यांसाठी जुनं सुती कापड हवं झालं. सगळ्यांनी खुंटीकडे पाहिलं. चर्रर्र! मी अर्धा झालो.

पाक फासायचा, पट्टी लावायची, दाबायची, ओढायची. ईशाचा हात जोरात होता आणि एकाच जागी ती तीन-तीनदा ओढत होती. संपलं तेव्हा श्रद्धाच्या पायांवर लाल लाल पुरळ उठलं होतं. आग आग होत होती.

“आत्या, उद्या हाफपँट घालायची आहे गो! पाय टेकवत नाही मला.”

“बाय माझे, हे काय करून घेतलंस? थांब, खोबरेल लावते.”

“तेल नको! उद्या पंच पाय चोळून बघतात. तेल लागलं तर खेळूच देणार नाहीत.”

आता या घरात एक रीत आहे. खरूज असो, ताप असो, नापास झालेलं असो, रावजी माणसाला समुद्रात उभं करतात. “खाऱ्या पाण्यानं काय बरं होत नाही? जा, गुडघाभर पाण्यात उभी राहा.”

श्रद्धा गेली. मलाही खांद्यावर नेलं. पहिली लाट पायांवर आली आणि तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका माणसाने आपला गळ वर ओढून पाहिला. मीठ आणि वाळू, दोन्ही सोललेल्या कातडीत शिरली होती.

घरी येऊन ती ओट्यावर बसली आणि रडली. “आता नाही जाणार मी. मिटलं सगळं.”

रावजी ओट्यापाशी आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटतं, त्यांना लाँच दिसली असावी.

“गोदा, माठातलं पाणी आण.”

तिचे पाय आधी साध्या पाण्याने हलकेच धुतले. मग मला स्वच्छ धुऊन, गार पाण्यात बुडवून, पिळून तिच्या पायांवर ठेवलं. गोदाबाई चोळायला गेल्या.

“चोळू नकोस गो. नुसता ठेव. माझी पाठ चोळली असतीस तर मी तुला समुद्रात ढकललं असतं.”

मी पसरलो. तिची आग माझ्यात उतरत होती. मी गरम झालो की पुन्हा पाण्यात, पुन्हा पायांवर. माझ्याच एका अर्ध्याने हे केलं होतं आणि दुसरा अर्धा निस्तरत होता. ओट्यावर ऊन तिरकं झालं आणि मला पुन्हा शीड झाल्याचं स्वप्न पडलं. या वेळी लाँचवर श्रद्धा होती.

ईशाने सुगंधी लोशन पुढे केलं. श्रद्धाने ते परत दिलं, ढगळ सुती सलवार चढवली आणि जेवली.

“काका, पाय अजून लाल दिसले तर हसतील.”

“माझ्या पायांवर सुरूचं बन आहे. कोण हसलं? मासे?”

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पिशवीत होतो. पंचांनी पाय चोळून पाहिले. कोरडे. लाली बरीच ओसरली होती, थोडे ठिपके राहिले होते. चढाईत दोघींनी तिचा घोटा धरला. ती ओरडली, पण सरपटत गेली आणि बोटांनी मधली रेषा गाठली. संघात तिचं नाव आलं. विनीतने ग्रुपवर अंगठा पाठवला. तिने त्याला काहीच पाठवलं नाही.

पुढच्या महिन्यात ईशा पुन्हा आली. तिची नजर खुंटीकडे गेली.

“त्याला हात लावशील तर बघ,” श्रद्धा म्हणाली. “तो संघात आहे.”

मित्रांनो, कातडी ओढून झाली की तिला थोडं एकटं सोडा. गार पाणी द्या, मऊ कापड द्या. मीठ, अत्तर, घाम आणि नातेवाईक दूर ठेवा. फोड आले तर डॉक्टरकडे जा. आणि जुनं कापड फाडण्याआधी निदान एकदा हातात धरून बघा.

आता मी दोरीवर वाळतोय. समुद्राकडून वारा येतोय. अर्ध्या शिडानेही होडी जाते, मित्रांनो. फक्त जरा तिरकी जाते.