मत पक्के होते ती ओळ

मित्रांनो, मला ना रंग, ना रूप. मी एक जुनी फाइल आहे, अवघ्या चौदा ओळींची. शिवणकारखान्याच्या कामगार संघाची निवडणूक ज्या वेबसाइटवर होते, तिचे सगळे पत्ते माझ्यात लिहिले आहेत. कोणता पत्ता उघडला की कोणते पान दाखवायचे, हे मी ठरवते. मतदार मला न बघताच पुढे जातात. चालायचेच! उंबरठ्याकडे कोण बघतो?

मला लिहिले संगणकाचे काम करणाऱ्या एका ताईने. तिची मावशी याच कारखान्यात कपड्यांवर बटणांची काजे करायची. तीस वर्षांत मावशीने एकही मत चुकवले नव्हते. आता तिचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मतपेटी तिसऱ्या मजल्यावर. तिला घरूनच मत देता यावे म्हणून ताईने मला जीव ओतून लिहिले.

माझी एक सवय आहे. मी वरून खाली वाचते आणि जी ओळ आधी जुळेल तिचेच ऐकते. मतदानाच्या दिवशी ताईने घाईघाईत एक नवी ओळ सगळ्यात वर घातली: ‘मत’पुढे कोणतेही नाव आले, तर त्या उमेदवाराची माहिती दाखव. झाले! मत नोंदवणारा ‘मत/पक्के’ हा पत्ता बिचारा खालीच राहिला. लोक शेवटचे बटण दाबत आणि मी इमानेइतबारे ‘पक्के’ नावाचा उमेदवार शोधत बसे. पडद्यावर येई, ‘असा उमेदवार नाही.’

संघाचे सेक्रेटरी मिशीतल्या मिशीत हसले. “तरी सांगत होतो, पेटीच बरी. पाचपर्यंत जमलं नाही तर हे रद्द. उद्या पेटीत मतदान!”

तेवढ्यात मावशीचा फोन आला. “अगं, माझं मत जातच नाहीये. उद्या मला कोण उचलून नेणार?”

ताईने बटण तपासले, पाने तपासली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. रोग रेड्याला नि औषध पखालीला! साडेचार वाजून गेल्यावर तिने मला उघडले.

“अरे देवा, ही ओळ मीच वर टाकली की!”

तिने ती उचलून सगळ्यात खाली ठेवली. पाचला दहा मिनिटे असताना मावशीने बटण दाबले आणि ‘मत नोंदले’ असे पान उघडले.

“गेलं गं बाई!” मावशी फोनवर हसत होती आणि रडतही होती.

कोणाला दिले, ते मला ठाऊक नाही. मी फक्त वाट दाखवते, आणि याचाच मला अभिमान आहे.

त्याला आता सहा वर्षे झाली. नवी माणसे येतात, मला न वाचताच ओळी घालतात. मित्रांनो, तुम्ही तसे करू नका. आधीच्या ओळी सावकाश वाचा. त्यांतल्याच एका ओळीवरून एक बाई पलंगावर बसल्या बसल्या आपल्या संघापर्यंत पोचली होती.