माश्यांचं पुस्तक

वर्षालीनं सातवं पान उघडलं आणि हात आपसूक मागे घेतला. चित्रातला गोलू आईला म्हणत होता, ‘मले भूक लागली.’ त्याच्या ओठावर माशी बसली होती. पुढच्या पानावर ‘मले पोळी दे’, तिथे तीन माश्या. नवव्या पानावर तोंड दिसेनासंच झालं होतं. चित्रकारानं मन लावून काम केलं होतं: हिरवट पाठी, केसाळ पाय, ओठाच्या कोपऱ्यात चिकट लाळ. अकराव्या पानावर गोलू ‘मला’ म्हणाला, माश्या उडाल्या आणि आईनं त्याचा पापा घेतला.

केळझरजवळच्या एका शाळेत हे पुस्तक तपासायला तिघं बसले होते. केंद्रप्रमुख प्रभाकरराव, चौथीचे मुकेश सर आणि पहिलीला शिकवणारी वर्षाली. चित्रं, भाषा, कागद, छपाई, प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. एकानं जरी एका रकान्यात शून्य दिलं, तर पुस्तक परत. नाही तर सोमवारी ते केंद्रातल्या प्रत्येक पहिलीच्या वर्गात पोचणार होतं.

वर्षालीच्या वर्गात स्वीटी होती. तिच्या घरी गोंडी बोलत. जूनपासून ती पोर तोंड मिटून बसली होती. शेजारच्या पोरींचं ऐकून ऐकून तिनं एकेक शब्द गोळा केला आणि परवा, सात महिन्यांनी, पहिल्यांदा बोलली, “मॅडम, मले बी चित्र काढाचं हाय.”

सोमवारी तिच्या त्या ‘मले’वर माशी बसणार होती.

“कागद पाहा मॅडम, कसा चकचकीत हाय,” प्रभाकरराव म्हणाले. “मले त यात काईच वाईट नाई दिसून राह्यलं.”

मुकेशला हसू आवरेना. “सर, माशी बसली.”

“कुठी?” प्रभाकररावांनी खरंच ओठ पुसले. मग ध्यानात आलं तसे ते चिडले. “अबे, आपलं बोलनं अलग. पोराईले त शुद्ध शिकवाच लागन ना!”

वर्षाली हसली नाही. “माह्या वर्गातली स्वीटी आत्ता कुठी बोलाले लागली, सर. हे पान पाहून ते पुन्हा तोंड उघडंल काय?”

“एक काम करू,” मुकेश म्हणाला. “माश्याईवर फुलाचे स्टिकर चिकटवून देऊ. विषय खतम.”

“हे बेस्ट!” प्रभाकरराव खूश झाले.

वर्षालीनं फॉर्म पुढे ओढला. फुलाखाली माशी तशीच राहणार आणि पोरं नखानं स्टिकर खरवडणार, हे या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तिनं भाषेच्या रकान्यात शून्य लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, ‘मुलाची बोली म्हणजे घाण, असं हे पुस्तक शिकवतं.’ खाली सही केली.

“काऊन अडून राह्यल्या मॅडम? वरून मले इचारतीन.”

“माहं नाव सांगजा.”

प्रभाकररावांनी फॉर्म फाइलीत कोंबला. पुस्तक वर्गात जाणार नव्हतं. मग त्यांनी टेबलावरची नमुन्याची प्रत उचलली आणि बॅगेत टाकली.

“सर, ते परत पाठवाची हाय ना?” मुकेशनं विचारलं.

“एकच त हाय. नातवाच्या कामी येते. पोट्ट्याची भाषा लय बिघडली हाय आजकाल.”

कोणाचं ऐकून, हे विचारायचीही वर्षालीला किळस आली.