सालामिनोच्या चार ओळी

आर्जियाने चौथ्या ओळीच्या टोकाच्या खांबाला लाल चिंधी बांधली, गाठ दातांनी आवळली आणि उरलेल्या चिंध्या कोटाच्या खिशात कोंबल्या. चराच्या काठच्या चारही ओळी आता रस्त्यावरूनसुद्धा ओळखू आल्या असत्या. सोमवारी मशीनवाला सालामिनो द्राक्षाच्या या वेली उपटायला येणार होता.

चरापलीकडे मेदार्दोच्या घराची खिडकी उघडली आणि लगेच मिटली. जानेवारीत, सेक्किया नदीवरून धुकं चढत असताना, हवेसाठी कुणी खिडकी उघडत नाही. उद्या सकाळी हा येणार, आर्जियाने मनाशी ताडलं. दहाच्या आधी. आणि रिकाम्या हाताने नाही.

दुसऱ्या दिवशी तो साडेनऊला आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चरावरची फळी ओलांडताना एकदाही खाली बघत नव्हता. काखेत कागदात गुंडाळलेलं घरचं कोतेकिनो, डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज, होतं. आर्जिया चिंध्यांच्या ओळींशेजारी, पाचव्या ओळीत छाटणी करत होती. तिने कात्री थांबवली नाही.

"यंदा मिरी जरा जास्त पडलीय," मेदार्दो म्हणाला.

"दर वर्षीच पडते. ठेव त्या पेटीवर."

त्याने ठेवलं. टोपी काढली, पुन्हा घातली.

"चिंध्या दिसल्या. कसला सण आहे?"

"उपटायच्यात."

"चाळीस वर्षांच्या वेली आहेत."

"पंचेचाळीस."

"बांध खचेल हं. मुळांनी धरून ठेवलाय."

"बांध वाळुंजाच्या झाडांनी धरलाय. त्यांना मी हात लावत नाहीये."

"सालामिनोला पुढच्या वर्षी भाव चढेल म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक."

"तू सोडून एक नाव सांग."

आर्जियाने एक जून काडी बुंध्याजवळ कापली आणि ओढून काढली.

गोष्ट दोघांनाही ठाऊक होती, तशी ती त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्यांच्या भागाचं खरं द्राक्ष म्हणजे सोर्बारा. फिक्या लाल रंगाची, जिभेला चावणारी आणि नाकाला व्हायोलेटच्या फुलांसारखी लागणारी वाइन त्याचीच. पण या वेलीच्या फुलात स्वतःपुरताही पराग नसतो. शेजारी दुसरं द्राक्ष फुललं आणि वारा बरा असला, तरच मणी धरतात. नाहीतर घडाचा नुसता सांगाडा उरतो. म्हणून प्रत्येक मळ्यात मध्ये मध्ये सालामिनो लावायचं. त्याचे घड आखूड, गच्च, सॉसेजसारखे, वाइन काळसर आणि जाड, भाव कमी. पण पराग ढीगभर.

मेदार्दोने बारा वर्षांपूर्वी आपलं सगळं सालामिनो उपटून तिथेही सोर्बाराच लावलं. गावच्या बारमध्ये तो सांगायचा, सगळं छाटणीत असतं. लोक हसून ग्लास तोंडाला लावायचे. जूनच्या सुरुवातीला वेली फुलतात तेव्हा वारा आर्जियाच्या बाजूने त्याच्याकडे वाहतो आणि चर जेमतेम दोन मीटर रुंद आहे. आर्जियाने मात्र तीन वर्षांपूर्वीच मळ्याच्या मधोमध नवं सालामिनो लावून ठेवलं होतं. ते यंदा भरपूर फुलणार होतं. तिचं भागणार होतं. तिथून चरापलीकडे काही पोचणार नव्हतं.

"मेदार्दो," ती शेवटी म्हणाली, "तुझ्या मळ्यात सगळ्या नवऱ्यामुली. नवरदेव माझ्या बांधावर. बारा वर्षं तुझं वऱ्हाड फुकट जेवलं."

"हो," मेदार्दो म्हणाला.

आर्जियाने कात्री थांबवली. तो आढेवेढे घेईल, मग चिडेल, मग 'चार ओळींनी तुझं काय अडलंय' म्हणेल, असं तिने धरलं होतं. नाही म्हणायची तिची तयारी कालपासून झालेली होती.

"ओळी ठेव म्हणायला नाही आलो," तो म्हणाला. "मळा तुझा आहे. मला काड्या हव्यात. दर आठवं झाड गुडघ्याएवढ्या उंचीवर कापतो आणि त्यावर सालामिनोचं पाचर कलम करून घेतो."

"घे की. रोपवाटिकेतली पोरं येतात. दिवसाला दोनशे कलमं करतात."

"आणि शंभर मरतात. तू करून दे."

"मी? कलमाचा हात ओलिंतोचा होता." ती हे सहज म्हणाली. गेली चाळीस वर्षं सगळं गाव हेच म्हणत होतं. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि सहकारी संस्थेने त्याला दिलेली पितळी पाटी अजून स्वयंपाकघराच्या दारावर होती: उत्तम कलमासाठी.

"ओलिंतो सुतळी बांधायचा," मेदार्दो म्हणाला. "पाचर तू तासायचीस. खाच तू घ्यायचीस. माझी खिडकी या बाजूला आहे, आर्जिया."

तिने हातातल्या कात्रीचं पातं अंगठ्याने पुसलं. ते स्वच्छच होतं.

"इतकी वर्षं बोलला नाहीस."

"तो माझ्याबरोबर पत्ते खेळायचा."

"आणि गेल्यावर?"

मेदार्दो कोतेकिनोकडे बघत राहिला. "गेल्यावर या चराच्या काठी कोण कुणाच्या जिवावर पिकवतं ही गोष्ट निघाली असती. ती मला नको होती."

धुकं थोडं वर सरकलं. आर्जियाने तारेखालून वाकून चौथ्या ओळीत पाऊल टाकलं.

"कुठली ओळ कापणार आधी?"

"घरासमोरची."

"ती तुझी सगळ्यात चांगली."

"वाऱ्याच्या तोंडाशी तीच आहे. तिथे पराग असला तर बाकीच्यांना मिळेल."

उत्तर बरोबर होतं. तिने पेन्सिलीएवढ्या जाडीची, पिकून तपकिरी झालेली एक काडी निवडली, कानाजवळ नेऊन वाकवली, आतला बारीक कडकडाट ऐकला आणि कापली. मग दुसरी. एका वेलीच्या काड्या तिला पसंत पडल्या नाहीत, ती वेल तिने सोडून दिली. मेदार्दो मागून टोपीत गोळा करायला लागला. टोपी पुरेना, तेव्हा कोट काढून त्यात.

"कोट घाल. न्यूमोनियाने गेलास तर कलमं कुणासाठी करू?"

"तू काप."

दोन जुड्या झाल्या. तिने त्या वाळुंजाच्या फोकाने बांधल्या.

"तळघरात, ओल्या वाळूत. एप्रिलअखेर येईन. झाडं मात्र तू कापायची. मी नाही."

"मीच कापणार."

"पुढच्या जूनला थोडं फुलेल. नाव घेण्यासारखं फुलायला दोन वर्षं."

मेदार्दोने मान हलवली. चिंध्यांच्या ओळी गेल्यावर ती दोन वर्षं म्हणजे दोन रिकामे हंगाम, हे त्याला सांगावं लागणार नव्हतं. त्याने तोंड वाकडंही केलं नाही.

"दोन वर्षं माणूस काढतो," तो म्हणाला आणि जुड्या छातीशी धरून फळीकडे गेला. या वेळी मात्र प्रत्येक पाऊल बघून टाकत होता.

अकराच्या सुमाराला आर्जियाची मुलगी ईव्होन कॉफीचा थर्मास घेऊन वाइनच्या कोठारातून आली. पिंपं, बाटल्या, गिऱ्हाइकं सगळं तीच बघत असे. चार ओळींच्या जागी सोर्बारा लावायचं तिचंच म्हणणं होतं.

"मेदार्दोकाका येऊन गेले वाटतं," पेटीकडे बघत ती म्हणाली. "ओळी ठेव म्हणाले असतील."

"नाही. तसं काही म्हणाला नाही."

"मग?"

आर्जियाने वेलीवरच्या सगळ्या काड्या उतरवल्या, एक तेवढी ठेवली. तिच्यावरचे कोंबांचे डोळे बोटाने मोजले, बाराव्या डोळ्यावर टोक कापलं, काडी तारेवर वाकवली आणि दोन ठिकाणी बांधली. मग पुढच्या वेलीकडे सरकली. मागे पंधरा-वीस वेली तशाच बांधलेल्या होत्या.

ईव्होनने ओळीवरून नजर फिरवली.

"आई, ही चौथी ओळ आहे. ही सोमवारी जायचीय."

"माहितीय."

"मग छाटतेयस कशाला? नवी रोपं मार्चमध्ये येतायत."

"घराच्या बाजूला जागा आहे. तिकडे लाव."

"पण का?"

आर्जियाने एक काडी कानाजवळ नेऊन वाकवली.

"दुसरी कात्री खोपीत आहे," ती म्हणाली. "घेऊन ये. दोघी लागलो तर दुपारपर्यंत दोन ओळी होतील."