चार पंखांचा कचरा

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बाटली आहे आणि मला माझ्याच पोटाची किळस येते.

भट्टीतून निघाले तेव्हा मी लख्ख होते. वाटलं, कुणी माझ्यात अत्तर भरेल. पण मी आले प्रयोगशाळेत. तिथे माझ्यात मक्याच्या पिठाची खळ ओतली, वर फळमाश्या सोडल्या आणि तोंडाला कापसाचा बोळा कोंबला. चार दिवसांत खळ आंबते. अळ्या वळवळत काचेवर चढतात. धुऊन झाल्यावरही तो वास जात नाही.

हल्ली माझ्यात संशोधक ताईंच्या माश्या असतात. माशीला पंख दोनच, त्यांच्या मागे दोन बारीक गाठी. अंगावर कुठे काय उगवायचं हे ठरवणारी जनुकं एका धाग्यावर रांगेनं बसलेली असतात. त्यांच्या आजूबाजूच्या ज्या पट्ट्यांपासून कोणतंच प्रथिन बनत नाही, त्यांना ताईंचे सर ‘कचरा’ म्हणत. ताईंनी तीन वर्षं खपून तसा एक पट्टा काढून टाकला, तर गाठींच्या जागी पंख आले. चार पंख, आणि उडता एकानंही येत नाही. इतकं ओंगळ ध्यान मी पाहिलं नव्हतं. ताई मात्र खूश. सरांना चिडवायला त्यांनी माझ्यावर चिठ्ठी लावली: ‘कचरा’. तो पट्टा काढलेल्या माश्या जगात फक्त माझ्यात होत्या.

परवा बाटल्या धुणाऱ्या मामांनी ती चिठ्ठी वाचली आणि मला साबणाच्या उकळत्या पाण्याशी नेलं. बोळा काढला. माश्या उडाल्या नाहीत. मामांच्या मनगटावर चालू लागल्या.

“बाकीच्या भुर्रकन जातात, ह्या मेल्या अंगावर येतात,” मामा तोंड वाकडं करून म्हणाले. मग त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला. “अहो ताई, तुमच्या कचऱ्याला चार-चार पंख फुटलेत. टाकू का?”

ताई धावत आल्या. “मामा, तो कचरा नाही हो.”

“मग लिहिलं कशाला?”

“सर म्हणतात म्हणून. गंमत.”

“तुमची गंमत, आणि मी ती आत्ता उकळून टाकली असती. मी लिहिलेलं वाचतो, ताई.”

ताईंनी एकेक माशी मऊ कुंचल्यानं परत माझ्यात ढकलली आणि नखानं चिठ्ठी खरवडली.

मित्रांनो, अळ्यांची किळस मला अजून येते. पण त्या शब्दाची जास्त येते. एखादी गोष्ट कळली नाही, तर तिच्यावर ‘कळलं नाही’ असंच लिहा. तशी बाटली कुणी धुवायला नेत नाही.